सेकंडहँड गाडीतला टेप बिघडला? डबा बदलण्याआधी वायर बघा

नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याच्या आदल्या डिसेंबरात, जीएसटी परिषदेच्या जैसलमेरच्या बैठकीत, जुन्या गाड्या विकणाऱ्या नोंदणीकृत डीलरच्या मार्जिनवरचा कर सरसकट १८ टक्के करायचा ठरला होता. त्यामुळे 'नवी घ्यावी की वापरलेली' हा हिशेब घरोघरी नव्याने मांडला जातोय. त्यात इंजिन येतं, टायर येतात, इन्शुरन्स येतो, गाडी किती हातांतून गेली तेही येतं. टेप कोणी धरत नाही. ट्रायलच्या वेळी आपण टेप बंद करून इंजिन ऐकतो, ते बरोबरच आहे. चलाख विक्रेता उलट टेप मोठ्याने लावून ठेवतो, इंजिन ऐकू येऊ नये म्हणून. पण गाडी दारात आली की आठवड्याभरात एकेक गोष्ट उघडी पडते. डाव्या दारातून आवाज नाही, एफएमवर नुसती खरखर, नाहीतर सकाळी बॅटरीच बसलेली.

मग आपण ॲक्सेसरीजच्या दुकानात जातो. दुकानदार दोन बटणं दाबून बघतो आणि म्हणतो, "सिस्टीम गेली साहेब. अँड्रॉइड टाकून देऊ, कॅमेरा फ्री." यात त्याची लबाडी असेलच असं नाही. नवा डबा तासाभरात बसतो आणि पैसे लगेच मिळतात. तुटलेली वायर शोधण्यात अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी द्यायला गिऱ्हाईक कुरकुरतं. पण जुन्या गाडीत बिघाड बहुधा डब्याच्या आत नसतो, आजूबाजूला असतो. फ्यूज, अर्थिंग, दारातली वायर, आधीच्या मालकाने लावलेली टेपपट्टी, किंवा एखादं सेटिंग. नळाला पाणी आलं नाही म्हणून आपण टाकी बदलत नाही, आधी कॉक बघतो, मग पाइप. इथंही क्रम तोच.

## आवाजाचा रस्ता

डॅशबोर्डमध्ये बसवलेल्या मुख्य यंत्राला हेड युनिट म्हणतात. आपण त्याला डबाच म्हणू. आवाज कुठून घ्यायचा (रेडिओ, यूएसबी, ब्लूटूथ) ते तो ठरवतो, आतल्या ॲम्प्लिफायरने तो आवाज मोठा करतो आणि चार जोडी वायरींतून चार स्पीकरना पाठवतो.

बाजारात मिळणाऱ्या जवळपास सगळ्या डब्यांच्या मागे वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी वायर थेट बॅटरीवरून येते आणि चोवीस तास जिवंत असते. घड्याळ आणि सेव्ह केलेली स्टेशनं तिच्यावर टिकतात. लाल वायरीत चावी फिरवल्यावरच करंट येतो. काळी म्हणजे अर्थिंग, गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडलेली. निळी अँटेनाला करंट देते, आणि निळ्यावर पांढरी रेघ असेल तर ती बाहेरच्या ॲम्पला 'चालू हो' सांगते. स्पीकरच्या जोड्या अशा: पांढरी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी. त्या प्रत्येकीची काळ्या रेघेची जोडीदार म्हणजे निगेटिव्ह.

हे रंग बाजारातल्या डब्याचे. गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. म्हणून 'लालला लाल जोडलं' असं म्हणणाऱ्या वायरमनच्या हातात गाडी देऊ नका. मीटर लावून बघतो त्याच्याकडे द्या.

## चावी फिरवली, तरी दिवासुद्धा लागत नाही

पहिला संशय फ्यूजवर घ्यायचा. फ्यूज दोन असतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. एक गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये, दुसरा डब्याच्या पाठीवर. चपट्या फ्यूजचे रंगही ठरलेले आहेत: १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. झाकणावरच्या नकाशात टेपच्या जागी १५ लिहिलंय आणि प्रत्यक्षात तिथं पिवळा फ्यूज दिसला, तर समजा की आधी कधीतरी फ्यूज वारंवार उडत होता आणि कोणीतरी कारण शोधण्याऐवजी मोठा फ्यूज ठोकून दिलाय. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. वायरीच्या ताकदीपेक्षा मोठा फ्यूज घातला की जास्त करंट आल्यावर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर तापून जळते. असा फ्यूज दिसला तर टेपची काळजी नंतर करा, आधी ते बघा.

फ्यूज ठीक असेल तर मल्टीमीटर घ्या. पिवळ्या आणि काळ्या वायरीमध्ये, गाडी बंद असताना, चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४. चावी 'एसीसी'वर (इंजिन बंद, पण टेप चालू अशा जागी) आणली की लालवरही तेवढंच दिसलं पाहिजे. पिवळी, लाल, काळी तिन्ही ठीक असून डबा मेलेलाच असेल, तेव्हा 'सिस्टीम गेली' म्हणायला हरकत नाही. पिवळीवर काहीच नसेल तर उंदराचाही विचार करा. पार्किंगमध्ये चार दिवस उभ्या गाडीची वायर कुरतडली जाणं आपल्याकडे नवीन नाही.

दिवा लागतो पण पडद्यावर 'कोड' मागतो, ही गंमत वेगळी. फोर्ड, होंडा, रेनो, फोक्सवॅगन अशांच्या बऱ्याच जुन्या मूळ सिस्टीमना चोरीपासून संरक्षण म्हणून चार किंवा पाच अंकी कोड असायचा. बॅटरी काढली की डबा कुलूप लावून बसतो. कोडचं कार्ड मॅन्युअलच्या पाकिटात असतं आणि ते पाकीट पहिल्या मालकाकडेच राहून जातं. अंदाजाने आकडे टाकत बसू नका. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर डबा बराच वेळ दार उघडत नाही. डब्याच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर आणि आरसी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलात तर कोड मिळू शकतो. गाडी घेतानाच हे कार्ड मागून घेतलं तर हा फेरा वाचतो.

## एकच बाजू वाजते

यावर दोन मिनिटांची चाचणी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. सेटिंगमध्ये बॅलन्स (डावा-उजवा) आणि फेडर (पुढचा-मागचा) असतात. एकेका कोपऱ्याला आवाज ढकलून बघा. कधी कधी आधीच्या मालकाने मुलं मागे झोपतात म्हणून फेडर पूर्ण पुढे ओढून ठेवलेला असतो, आणि आपण मागचे स्पीकर बदलायला निघतो.

एकच कोपरा गप्प असेल तर त्या दाराकडे लक्ष द्या. गाणं चालू ठेवून दार हळूहळू उघडा-बंद करा. आवाज येऊन-जाऊन होत असेल तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर तुटलेली आहे. दार दिवसातून दहा वेळा उघडतं, दहा वर्षांत तिथल्या वायरी आतून मोडतात आणि वरचं आवरण मात्र साबूत दिसतं. पॉवर विंडो अधूनमधून अडत असेल तर हा संशय पक्काच.

दार हलवूनही फरक नसेल तर पॅनल उघडावं लागतं. स्पीकरच्या दोन पिनांवर मीटर ओहमवर लावा. ४ ओहमचा स्पीकर ३ ते ४ च्या मध्ये काहीतरी दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली कॉइल तुटली आहे. मीटर नसेल तर पेन्सिल सेल चालतो. स्पीकरच्या दोन्ही वायरी काढा आणि १.५ व्होल्टचा सेल पिनांना क्षणभर टेकवा. 'टक्' आवाज आला आणि स्पीकरचा पडदा (कोन) हलला तर स्पीकर जिवंत आहे. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लावल्यावर पडदा बाहेर येतो, उलटा लावला तर आत जातो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगाला येईल. मग चारी बोटांनी पडदा सारखा दाबून बघा. आत घासल्यासारखं लागलं तर कॉइल जळून फुगली आहे, तो स्पीकर कामातून गेला.

दारातले स्पीकर आपल्या हवेत एवढे का मरतात, याचं कारण दाराच्या रचनेत आहे. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते उतरावं अशीच सोय असते, आणि खालच्या बारीक भोकांतून ते निघून जातं. पॅनलच्या आत चिकटवलेला एक प्लास्टिकचा कागद ही ओली बाजू आणि केबिन यांना वेगळं ठेवतो. स्पीकरची पाठ मात्र ओल्या बाजूला असते. एखाद्या डेंटिंग-पेंटिंगच्या वेळी तो कागद फाडून पुन्हा लावला नसेल, किंवा भोकं चिखलाने बुजली असतील, तर कोकणातला एकच पावसाळा कागदी कोनाला पुरतो. त्यामुळे नवा स्पीकर टाकताना कागद पुन्हा नीट चिकटवायला सांगा आणि भोकं काडीने मोकळी करून घ्या. नाहीतर दोन वर्षांनी त्याच दारासाठी पुन्हा पैसे.

चारही स्पीकर एकदम गप्प झाले, पण स्क्रीन, घड्याळ, बटणं ठीक आहेत, अशा वेळी लोक हमखास डबा बदलतात. थांबा. एका जरी दारातली स्पीकरची वायर सोलून बॉडीला टेकली तरी आतला ॲम्प स्वतःला वाचवण्यासाठी चारही स्पीकर बंद करतो. डब्यामागच्या स्पीकरच्या जोड्या एकेक करून सोडवा. ज्या जोडीनंतर बाकीचे तीन वाजायला लागतील, त्या दारात दोष आहे. काही जुने वायरमन वायर वाचवण्यासाठी चारही स्पीकरची निगेटिव्ह एकत्र करून अर्थिंगला देतात. फार पूर्वीच्या टेपमध्ये ते चालायचं. आजच्या डब्यांत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर ॲम्पचा करंट असतो, निगेटिव्ह म्हणजे अर्थिंग नव्हे. असं जोडलं की आतला आयसी (ॲम्पची चिप) जळू शकतो आणि मग सिस्टीम खरोखरच जाते.

## आवाज येतो, पण घाण येतो

ॲक्सिलरेटर दाबला की टेपमधून 'कुंईंई' असा सूर चढतो, पाय काढला की उतरतो. हा आल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा आवाज. तो आत शिरतो कारण अर्थिंग कच्चं आहे. आधी मोबाइलचा चार्जर सॉकेटमधून उपटून बघा. ऑक्स केबलने गाणी ऐकताना फोन त्याच गाडीत चार्जिंगला असेल तर हा सूर हमखास येतो, आणि चार्जर काढला की जातो. तरीही राहिला तर डब्याची काळी वायर कुठं अडकवली आहे ते बघा. रंगावर स्क्रू मारलेला असतो, किंवा प्लास्टिकच्या चौकटीला. पत्र्यावरचा रंग घासून, उघड्या लोखंडावर ती घट्ट बसवली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

आवाज स्वच्छ आहे पण ढोलकीचा दम नाही, सगळं पातळ-पातळ? एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडले असावेत. एका दारातला पडदा बाहेर येत असताना दुसऱ्यातला आत जातो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. इथं तो पेन्सिल सेल पुन्हा काढायचा.

एफएमची खरखर म्हणजे बहुधा अँटेना. वॉशिंग सेंटरला काढलेली काडी परत लागलीच नाही, किंवा निळी वायर जोडलीच नाही. मागच्या मालकाने हौसेने शार्क फिन (टपावरची छोटी त्रिकोणी अँटेना) बसवलेला असेल तर तो उचकटून बघायला हरकत नाही. बाजारातले बरेचसे फिन नुसते शोभेचे असतात, आत तारच नसते. डॅशकॅम आणि स्वस्त चार्जरही एफएमवर घाण टाकतात, ते एकेक काढून ऐकावं.

एक प्रकार असा की तो कळला नाही तर माणूस वेडा होतो. ९१.१ लागतं, ९३.५ लागतं, ९८.३ लागतं, पण पुण्याची विविध भारती, १०१.०, काही केल्या लागत नाही. डबा रीसेट झाल्यावर किंवा बाहेरचा डबा बसवल्यावर त्याचा 'रीजन' अमेरिका झालेला असतो. तिथं रेडिओ ०.२ च्या टप्प्याने सरकतो आणि दशांशानंतर विषम आकडाच घेतो. मध्यमलहरींवरही तेच. आपला टप्पा ९ किलोहर्ट्झचा, अमेरिकेचा १० चा, त्यामुळे पुणे आकाशवाणीचं ७९२ हे ७९० आणि ८०० च्या मध्ये राहून जातं. सेटिंगमध्ये रीजन आशिया किंवा युरोप केला की काम झालं.

ब्लूटूथ जोडलं जात नसेल तरी आधी यादी बघा. काही डब्यांत पाचच फोन मावतात आणि पाचही जागा आधीच्या मालकाच्या घरच्यांनी भरलेल्या असतात. फॅक्टरी रीसेट करा. त्याने त्यांचे जुने कॉन्टॅक्टही पुसले जातात, जे तुमच्या गाडीत असायला नकोच होते. फक्त रीसेटआधी कोडची भानगड नाही ना, ते तपासा.

## आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय

वापरलेल्या गाडीचा डबा बाहेर ओढला की मागे काय निघतं त्यावरून पुढचा खर्च कळतो. कंपनीचा कपलर, म्हणजे वायरींचा गुच्छ एकत्र धरणारा प्लास्टिकचा जोड, शाबूत असेल तर तुम्ही नशीबवान. बहुतेक वेळा तो कापून फेकलेला असतो आणि पंधरा-सोळा वायरी हाताने पिळून वर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असते. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्याही वर तापतो. टेपचा गोंद वितळतो, पट्टी सरकते, उघडी तांब्याची तार शेजारणीला टेकते. हा बिघाड कधी येतो, कधी जातो, आणि दुकानात नेल्यावर हटकून दिसत नाही.

दुसरा नमुना: पिवळी आणि लाल एकत्र पिळून थेट बॅटरीला. चावी काढली तरी टेप चालू राहावा म्हणून लोक हे मुद्दाम करून घेतात. मग कधीतरी टेप तसाच राहतो. आकडेमोड सोपी आहे. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची धरा. डब्याने अर्धा अँपिअर खेचला तर ७० तासांत, म्हणजे तीन दिवसांत ती पूर्ण रिकामी होते, आणि स्टार्टर त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. लोक बॅटरी बदलतात, नवीही बसते, मग बॅटरीवाल्याशी भांडतात. शंका असेल तर बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाची वायर सोडवून, टोक आणि वायर यांच्यामध्ये अँपिअरवर लावलेला मीटर घालून, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. सगळं झोपी गेल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा आला तर ठीक. जास्त असेल तर फ्यूज एकेक काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या ओळीत गळती आहे. मीटर मध्ये असताना गाडीला स्टार्टर मात्र मारू नका, मीटर जळेल.

पिवळी-लालची अदलाबदल झाली की उलटं दिसतं: प्रत्येक वेळी चावी काढली की घड्याळ शून्यावर, स्टेशनं गायब. फोक्सवॅगन गटाच्या अनेक जुन्या गाड्यांत कपलरमधल्या या दोन पिनांच्या जागाच बाजारातल्या डब्यांच्या उलट असतात. त्यासाठी अडॅप्टरवर दोन वायरींची अदलाबदल करायची सोय असते. डब्याची तक्रार करून उपयोग नाही.

## "माझ्या गाडीला तर मोठा स्क्रीन आहे, तिथं हे कसं चालेल?"

फ्यूज, अर्थिंग, दारातली वायर हे सगळं तिथंही लागू आहे. पुढे मात्र सांभाळून. १९८६ साली बॉशने मांडलेली 'कॅन' नावाची पद्धत आज जवळपास प्रत्येक गाडीत आहे. तिच्यात वायरींच्या एकाच जोडीवर इंजिन, दारं, मीटर, एअरबॅग, टेप अशा सगळ्यांचे संदेश फिरतात. स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की बऱ्याच गाड्यांत थेट वायर जात नाही, संदेश जातो. असा डबा काढून साधा बसवला तर स्टिअरिंगची बटणं, रिव्हर्स कॅमेरा, कधी कधी पार्किंग सेन्सरचा आवाज आणि एसीचा डिस्प्लेही जातो. मध्ये 'कॅनबस बॉक्स' नावाची डबी लावावी लागते, तीही त्याच मॉडेलची.

फक्त स्टिअरिंगची बटणं बंद पडली असतील, हॉर्नही अधूनमधून वाजत नसेल आणि एअरबॅगचा दिवा लागला असेल, तर तो टेपचा दोषच नाही. स्टिअरिंगच्या आत क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली पट्टी असते, ती तुटलेली आहे. तिथं एअरबॅग आहे, घरी हात लावू नका.

बोस, हरमन, जेबीएल असं नाव कोरलेली मूळ सिस्टीम असेल तर बऱ्याचदा ॲम्प वेगळ्या जागी, सीटखाली किंवा डिकीत असतो आणि स्पीकर ४ ओहमपेक्षा कमीचे असू शकतात. साधा डबा त्यांना थेट जोडला तर आवाज फाटतो किंवा डबा तापून बंद पडतो. आणि स्वस्तात मिळाली म्हणून जुनी बीएमडब्ल्यू, ऑडी, मर्सिडीज घेणाऱ्यांसाठी: यांच्या अनेक मॉडेलांत आवाज 'मोस्ट' नावाच्या ऑप्टिकल फायबरच्या (प्रकाश वाहणाऱ्या तंतूच्या) रिंगणातून फिरतो. रिंगणातलं एक यंत्र मेलं की सगळंच गप्प. ओळखीचा वायरमन कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे हे जोडण्याचं सामान असेलच असं नाही.

## बदलायचाच ठरला तर

मापापासून सुरुवात करा. जुन्या गाड्यांच्या खाचा जर्मन 'डिन' मापाच्या असतात. सिंगल डिन १८० × ५० मिलिमीटर, डबल डिन १८० × १००. नऊ-दहा इंची स्क्रीनला तुमच्या मॉडेलचीच फ्रेम लागते, आणि ती नीट बसली नाही तर खड्ड्याखड्ड्याला करकर ऐकावी लागते.

दुकानात पहिलं वाक्य हे बोला: "कपलर टू कपलर पाहिजे, एकही वायर कापायची नाही." गाडीच्या कपलरला बसणारा अडॅप्टर तयार मिळतो. कपलर आधीच कापलेला असेल तर नवा कपलर लावून, जोड सोल्डर किंवा क्रिंप करून वर हीट श्रिंकची नळी चढवायला सांगा. त्याला वेळ जास्त लागतो आणि त्याचे वेगळे पैसे मागितले तर खुशाल द्या.

मग अँड्रॉइडचा गोंधळ. 'अँड्रॉइड स्टिरिओ' म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसवलेला एक टॅबलेट. त्याची रॅम, प्रोसेसर, अपडेट सगळं स्वतःचं, आणि स्वस्त मॉडेलांत यातलं सगळंच तुटपुंजं. 'अँड्रॉइड ऑटो' आणि 'कारप्ले' ही वेगळी चीज आहे. तिथं काम फोन करतो, गाडीचा स्क्रीन नुसता दाखवतो, म्हणून फोन बदलला की गाडीही नवी वाटते. पाच-सात वर्षं वापरायची असेल तर माझं मत दुसऱ्या प्रकाराला. नामांकित कंपनीचा, अँड्रॉइड ऑटो असलेला मध्यम डबा हा मोठ्या आकड्यांच्या स्वस्त टॅबलेटपेक्षा कमी डोकं खातो.

खोक्यावरच्या '५० वॅट × ४' ला भुलू नका. इंजिन चालू असताना डब्याला १४.४ व्होल्ट मिळतात आणि स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४ केलं की ५१.८ येतात, ते हे पन्नास. पण तेवढी ताकद आवाज पार फाटून चौकोनी झाल्यावरच येते. स्वच्छ सुरासाठी त्याचं निम्मं, म्हणजे जास्तीत जास्त २६ वॅट, आणि प्रत्यक्षात १८-२० च हाती लागतात. खात्री करायची असेल तर डब्यामागचा फ्यूज बघा. तो १० अँपिअरचा असेल तर एकूण १४४ वॅटच आत जाऊ शकतात, मग सलग २०० बाहेर कुठून येणार? खोक्यावर 'आरएमएस' (सलग मिळणारी ताकद) असं लिहिलेला छोटा आकडा खरा.

याचा अर्थ असा की मूळ डबा चालू असेल आणि आवाज फक्त फिका वाटत असेल, तर पैसे पुढच्या दोन स्पीकरवर घाला. फरक तिथं जास्त ऐकू येतो. वेगळा ॲम्प आणि वूफर लावणार असाल तर त्याची जाड वायर थेट बॅटरीवरून घ्या, आणि बॅटरीपासून हात-दीड हाताच्या आत तिला स्वतःचा फ्यूज हवाच. फ्यूज ॲम्पजवळ लावणारे भेटतात. मग बोनेटपासून डिकीपर्यंतची वायर वाटेत कुठं सोलली तर तिला वाचवायला कोणी नसतं.

## टेप उघडताना पूरही दिसतो

गाडी अजून घ्यायचीच असेल तर टेपची तपासणी आणखी एक काम करते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण बुडालं. अशा वेळी पाण्यात गेलेल्या गाड्या सॅल्व्हेज (बुडीत माल) म्हणून लिलावात निघतात, त्यांतल्या काही धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात. सीट कव्हर नवं, कार्पेट नवं, वास घालवायला अत्तर. दारातल्या स्पीकरमागे मात्र कोणी फडका मारत नाही. पुढच्या एका दाराचा स्पीकर उघडू द्या, म्हणून विक्रेत्याला विचारा. पाठीवर वाळलेल्या गाळाचा सरळ रेघेतला थर, स्क्रूंना एकाच उंचीपर्यंत गंज, कपलरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखं साचलेलं तांबं, सीटखालच्या ॲम्पच्या कोपऱ्यात रेती, यातलं काहीही दिसलं तर गाडी कितीही स्वस्त असली तरी निघून या. अशा गाडीत आज टेप, उद्या पॉवर विंडो, परवा एअरबॅग.

## वॉरंटी आणि विमा

कंपनीची वॉरंटी शिल्लक असलेली गाडी घेतली असेल तर मूळ वायरिंग कापणं म्हणजे पुढच्या प्रत्येक इलेक्ट्रिकल दाव्यावर त्यांना हरकत घ्यायला आयतं कारण देणं. कपलर टू कपलरचा आग्रह याचसाठीही.

बाहेरून बसवलेली महागडी सिस्टीम विम्यात आपोआप येत नाही. गाडीच्या मूळ किमतीत नसलेल्या इलेक्ट्रिकल सामानासाठी पॉलिसीवर 'आयएमटी-२४' हे एंडोर्समेंट (जोडकलम) घ्यावं लागतं. मोटर टॅरिफप्रमाणे (गाडीच्या विम्याच्या ठरवून दिलेल्या दरांप्रमाणे) त्याचा हप्ता सामानाच्या किमतीच्या ४ टक्के होता, म्हणजे २५ हजारांच्या सिस्टीमला वर्षाला हजार रुपये. त्यासाठी जीएसटीचं पक्कं बिल लागतं, कच्च्या चिठ्ठीवर काम होत नाही. आधीच्या मालकाने हे एंडोर्समेंट घेतलं असेल तर पॉलिसी तुमच्या नावावर करताना ते पुढे चालू राहतंय का, हे वेगळं विचारा. आणि काढलेला मूळ डबा भंगारात देऊ नका. तो चालू असेल तर त्याच्या पाठीवरचा सिरियल नंबर आणि कोड एका चिठ्ठीवर लिहून डब्यालाच चिकटवा आणि माळ्यावर टाका. गाडी विकताना नवी सिस्टीम काढून घ्यायची झाली तर तोच लागणार आहे.